भागूबाईनं धरलेली जागा

वारंगा फाट्यावर बस आली की आधी माणूस चढत नाही, आधी दस्ती चढते. बस पुरती थांबायच्या आत कोणीतरी खिडकीला लोंबकळतं, हात आत घालतं आणि रिकाम्या सीटवर आपला रुमाल टाकून देतं. झालं. ती जागा त्याची. मग तो मागून सावकाश, रेटारेटीतून वर येतो, आणि त्याच्या जागेवर कोणी बसलेलं असलं तर ते भांडण थेट कळमनुरीपर्यंत पुरतं. पण शक्यतो कोणी बसत नाही. तिकीट काढलेल्या माणसाला नसेल एवढा मान आमच्याकडे दस्तीला आहे.

भागूबाई या विद्येत तरबेज. बुटकी, अंगानं काडी, पण बसची धूळ दिसली की पदर खोचून अशी सुटायची की तालमीतल्या पोरांनी बाजूला व्हावं. तिचा नवरा शेषराव लाजाळू. गर्दीत नेहमी मागे. म्हणून जागा धरायचं काम पहिल्यापासून तिचं. पांढऱ्यावर निळी रेघ असलेली त्याची दस्ती ती त्याच्या खांद्यावरून ओढायची, पळायची, दोघांची सीट धरायची आणि खिडकीतून ओरडायची, "ओ, या आता! का आमंत्रण देऊ?"

शेषराव जाऊन दोन पावसाळे झाले. दस्ती तिच्याकडे राहिली.

फाट्यावरच्या खिचडीच्या एका हॉटेलात भागूबाई कामाला. उजाडायच्या आत मोठ्या पातेल्याला फोडणी घालायची, कढी लावायची, मग दिवसभर कांदे. नांदेडच्या बसा थांबतात, हिंगोलीच्या थांबतात, माणसं उतरतात, द्रोणातली गरम खिचडी फुंकत फुंकत खातात आणि जातात. सगळी जातात. तिचा मुलगा सुरजही असाच गेला. नांदेडला हॉटेलचा कोर्स केला, "एक सीझन करून येतो" म्हणून अंदमानात गेला, आणि तो सीझन काही संपेना. बाप गेला तेव्हा समुद्र खवळलेला, बोटी बंद. सुरज पोचला तो थेट पुण्यानुमोदनाच्या दिवशी. फोटोपुढं मेणबत्ती लावली, हात जोडून उभा राहिला. चार दिवसांनी बॅग उचलून गेला.

मुलगी करुणा हिंगोलीत दिलेली. ती आली की एकच पाढा.

"आई, माझ्याकडं चाल. मागची खोली रिकामीच हाय. एकटी काहून राहती इथं?"

"आन् सुरज आला तर? कुलूप बघून माघारी जाईल."

"येणार हाय का पण तो?"

"आता मला काय ठावं."

"मग इचार ना त्याला! एकदाचं इचार, येतो का न्हाई. किती दिवस अशी जागा धरून बसशील?"

फोनवर विचारायचं भागूबाईनं दोनतीनदा मनात आणलं होतं. पण फोनवर सुरज नेहमी घाईत. मागं भांड्यांचा आवाज, कोणाची तरी हाक, आणि "आई, करतो नंतर." हॉटेलातलं घाईचं पोर कसं असतं ते तिला सांगायला नको होतं. शेवटी तोच म्हणाला, "मी सुट्टी काढतो, तू इकडं ये. तिकीट पाठवतो." तेव्हा तिनं ठरवलं. समोर बसून विचारायचं. येणार असशील तर घर उघडं ठेवते, नसशील तर कुलूप लावून करुणाकडं जाते. एवढाच प्रश्न. त्यासाठी समुद्र ओलांडायचा.

निघायच्या दिवशी बांगड्यांच्या गाड्यावरून जाहेदानं हाक मारली. दोघी फाट्यावर बरोबरच म्हाताऱ्या होत आलेल्या.

"भागू, काले पानी को चली? क्या गुनाह करी गे?"

"पोरगं जन्माला घातलं," भागूबाई म्हणाली.

जाहेदा एवढी हसली की हातातल्या बांगड्या वाजल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "समंदर का पानी चख के आ. सच्ची खारा रहता क्या, देख जरा. टीव्हीवाले झूठ बोलते."

रेल्वे झाली, विमान झालं. विमानात जागा आधीच ठरलेली, कागदावर छापलेली. भागूबाईला ते काही पटलं नाही. न पळता मिळती ती कसली जागा? मग बोट. बोटीतून उतरताना तिला सुरज दिसला आणि आधी ओळखूच आला नाही. फुलाफुलांचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, गालाची हाडं वर आलेली.

"जयभीम, आई." तो वाकला, उठला, आणि उठता उठता त्यानं फोनमध्ये बघितलं. "आई, एक सांगू? चिडू नको. माझी सुट्टी क्यान्सल झाली. दोन पोरं काम सोडून गेली. वर्षाचा शेवट हाय, हॉटेल फुल्ल भरलंय. मी बराबर सांगितलं व्हतं मॅनेजरला, पण..."

"बरं बरं."

"चिडली ना?"

"मी काय कलेक्टर हाय का रे? मी पन हॉटेलातच हाय. गर्दीच्या टायमाला माणूस सोडत न्हाईत."

हॉटेलच्या खोल्यांत घरच्या माणसाला ठेवता येत नव्हतं. म्हणून त्यानं समुद्राच्या बाजूच्या शेवटच्या गावात, सुपारीच्या बागेतल्या एका घरात तिची सोय केली होती. स्कूटीवरून तिथं सोडताना तो पाठमोरा सांगत होता, "तू बसनं फिर. इथं टुरिस्ट लोक स्कूटीवर नाहीतर गाडीनं फिरतेत, बस बिचारी रिकामीच ऱ्हाती. सात नंबरपासून जेट्टीपर्यंत जाती, परत येती. दिवसभर."

"सात नंबर म्हंजी?"

"हेच गाव. इथं गावाला नंबर हायत. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर."

"माणसाला तर नावं हायत ना?"

तो हसला. वाऱ्यानं हसणं मागं तिच्या तोंडावर आलं. "आन् बस माझ्या हॉटेलच्या फाटकावरूनच जाती. मी दिसंल तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अवाढव्य झाडाखाली बस उभी होती. खिडक्या उघड्या. भागूबाईला लांबूनच दिसली आणि पायांनी डोक्याला विचारलंच नाही. पदर खोचला, पळाली, टाच उचलली आणि खिडकीतून दस्ती फेकली.

"अरे बाप रे! कौन है? क्या फेंका?"

आत कंडक्टर झोपला होता. दस्ती नेमकी त्याच्या तोंडावर. तो ती दोन हातांनी धरून उठून बसला, सापाचं पिल्लू सापडल्यासारखा.

भागूबाईनं फाट्यावरची, जाहेदाकडून उचललेली हिंदी बाहेर काढली. "कुछ नै भैया. जगा पकडी."

"जगह?" त्यानं मागं बघितलं, पुढं बघितलं. "माताजी, पूरा गाड़ी खाली है. ये सब आपका है. जिधर मन हो उधर बैठो."

खरंच, सगळ्या सीटा रिकाम्या. एक कोंबडी तेवढी दाराशी टोचत होती. भागूबाई ओशाळली, पण वर चढली. दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसली, आणि शेजारच्या जागेवर दस्ती नीट पसरली.

"और ये?"

"ये मेरे लडके की. वो आगे बैठींगा. होटल के पास."

"अच्छा. टिकट?"

"मेरा आधा दे."

"आधा काहे?"

"औरत है ना. हमारे उधर औरतां का आधा."

"इधर पूरा."

"फिर इधर की औरत जादा कमाती होंगी."

कंडक्टर मनापासून हसला. त्याचं नाव विश्वंभर. आजोबा बंगालमधून या बेटावर आलेले. भागूबाईनं त्याला सांगितलं की त्यांच्या गावातही एक विश्वंभर आहे, म्हशींचा धंदा करतो. विश्वंभरला याचा का कोण जाणे आनंद झाला.

बस निघाली. दोन्ही बाजूंना सुपारी, नारळ, मधूनच हिरवा अंधार, मधूनच पत्र्याची घरं. दोन बायका माशांच्या टोपल्या घेऊन चढल्या, पुढं उतरल्या. शेजारून स्कूटीवरची जोडपी केस उडवत जात होती. भागूबाईचं लक्ष फक्त फाटकाकडं. फाटक आलं. सुरज होता! पांढऱ्या गाडीतून पाहुणे उतरत होते आणि तो त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालत होता. एक म्हातारी उतरायला बिचकत होती. भागूबाईच्याच वयाची असेल, पण गुबगुबीत, डोळ्यांवर काळा चष्मा. सुरजनं तिला हात दिला, दुसरा हात पाठीला लावला, हळूच, एकेक पायरी उतरवलं. वाकून तिची चप्पल सरळ केली.

"सुरज!" भागूबाईनं हाक मारली.

फाटक मागं पडलं. तिला हेही कळेना की आपल्याला त्या म्हातारीचा राग आला की पोराचं कौतुक वाटलं. जेट्टीवरून परत येताना फाटकाशी कोणीच नव्हतं. एक माळ तेवढी खाली पडलेली.

दुपारी ती समुद्रावर गेली. पांढरी वाळू, निळं पाणी, टीव्हीत दाखवतात तसंच. इतकं तसंच की तिला आधीच बघितल्यासारखं वाटलं. चपला हातात घेऊन ती एका आडव्या खोडावर बसली. चहूकडं माणसं, किती भाषा, आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं. फाट्यावरच्या बसमध्ये एव्हाना "कोण गाव? कोणाच्या तुमी? पोरं किती?" एवढं सगळं होऊन शेजारणीनं पिशवीतले शेंगदाणे काढले असते. इथं एक पोरगी तिच्याजवळ आली, गोड हसली आणि म्हणाली, "आंटी, ज़रा साइड हो जाओगे? फ्रेम में आ रहे हो."

भागूबाई बाजूला झाली. मग आणखी थोडी झाली, म्हणजे पुढच्याच्याही आड नको. पाण्याशी जाऊन बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"जाहेदा, खारंच हाय गं," ती मोठ्यानं म्हणाली. लाट आली आणि गेली.

संध्याकाळी सुरज धापा टाकत आला. हातात हॉटेलातला डबा. समोरच्या खुर्चीवर बसला.

"खा. चांगलं हाय. चीज हाय त्याच्यात."

"तू?"

"मी खाल्लं. बोल, काय बघितलंस?"

भागूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांखाली काळं. प्रश्न जिभेवर आला. पण तोंडाकडं बघितलं की प्रश्नाच्या जागी दुसरंच बाहेर येतं. "वाळला रे तू," ती म्हणाली. फोन वाजला. तो उठला.

हे तिला जुनं ठाऊक होतं. शेषराव घरात कधी मनातलं बोलला नाही. चुलीपुढं समोरासमोर बसला की "हूं" आणि "बरं." पण बाजाराच्या दिवशी कळमनुरीच्या बसमध्ये शेजारी बसला, बस हलली, दोघांची तोंडं पुढं झाली, की तो बोलायला लागायचा. आपल्याला बापानं शाळेतून काढलं ते त्यानं तिला बसमध्येच सांगितलं. सुरज लांब गेला तेव्हा घरी म्हणाला, "जाऊ दे, पोटाला लागलं पोरगं." आणि बसमध्ये, आखाडा बाळापूरच्या अलीकडं, खिडकीच्या बाहेर बघत म्हणाला, "करमत न्हाई गं." समोरासमोर माणूस दुसऱ्याचं तोंड बघून बोलतं. बसमध्ये शेजारी बसलं की खरं बोलतं. असं भागूबाईचं पक्कं मत होतं.

ती त्याच्या मागं दारापर्यंत गेली. "सुरज, एकदा माझ्यासंगं बसमधी बैस."

"बसमधी काय हाय, आई?"

"काय न्हाई. एक फेरी. फाटकापासून जेट्टीपर्यंत. मी जागा धरते."

"रिकाम्या बसमधी जागा धरती!" तो हसत स्कूटीवर बसला. "उद्या बघतो. नक्की."

दुसऱ्या दिवशी तिनं जागा धरली. फाटक आलं, गेलं. परतीला धरली. तिसऱ्या दिवशीही. सुरजचा फोन यायचा, "आई, आत्ता न्हाई जमणार, पुढच्या फेरीला बघ." ती पुढच्या फेरीला बघायची. विश्वंभर आता विचारत नसे. फाटक जवळ आलं की तोच दारातून मान बाहेर काढायचा, आणि मग घंटी मारायचा.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बॅगांचं एक जोडपं चढलं. बाकीच्या सीटांवर त्यांना ऊन लागत होतं. त्यातल्या बाईनं दोन बोटांनी दस्ती उचलली. "ये किसका कपड़ा है?"

भागूबाई काही म्हणायच्या आत विश्वंभर पुढं झाला. "रख दीजिए मैडम. वो जगह पकड़ा हुआ है. उनका बेटा बैठेगा."

"कहाँ से?"

"आगे से."

बाई उन्हात बसली. फाटक आलं. वाळूचा रस्ता, बांबूची कमान, पाणी मारलेली फुलझाडं. माणूस नाही. बाईनं भागूबाईकडं बघितलं. नवऱ्यानंही बघितलं. विश्वंभर उगाच पलीकडच्या खिडकीतून सुपारीच्या झाडांकडं बघत राहिला. भागूबाईनं दस्तीची सुरकुती हातानं सरळ केली.

निघायच्या दिवशी सकाळी फोन आला. "आई, मॅनेजरला सांगितलं. तू पिशवी घेऊन बसनं नीघ. मी गेटवर चढतो, जेट्टीपर्यंत येतो संगं. बोटीत बसवून देतो तुला. पक्कं."

भागूबाईनं राखून ठेवलेलं जांभळं लुगडं नेसलं. प्रश्न मनात पुन्हा एकदा घोकला. त्यात काही अवघड नव्हतं. सुरज, तू येणार का फाट्यावर, का न्हाई येणार? एवढंच. बस हलल्यावर, तोंड पुढं करून.

त्या दिवशी बोट गाठायला निघालेल्या माणसांनी बस बरीच भरत होती. विश्वंभर दाराशी उभा होता. तिला येताना बघून तो हसला आणि मुद्दाम बाजूला झाला. भागूबाईनं पिशवी खाली ठेवली, टाच उचलली, खिडकीतून दस्ती टाकली.

"आज पक्का?" विश्वंभरनं विचारलं.

"आज पक्का."

फाटकाशी सुरज पळतच आला. तोच फुलाफुलांचा शर्ट, बाह्यांवर ओलं काहीतरी सांडलेलं. विश्वंभरनं त्याला हाताला धरून वर ओढलं आणि तोंड वासून बघत राहिला. "अरे सुरज! माताजी का बेटा तू है?"

"हाँ दादा. माँ है मेरी."

भागूबाईनं दस्ती उचलली. सुरज बसला. चार दिवस रिकामी राहिलेली जागा एकदम भरली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. बस हलली. दोघांची तोंडं पुढं.

"लई दिवसानं बसमधी बसलो आई," तो म्हणाला. "दस्ती अण्णाची ना?"

"व्हय."

"अण्णा मागंच ऱ्हायचे. तू खिडकीतून वरडायची. मला लाज वाटायची."

"तुला कशाची लाज? तुला तर मांडीवर बसवून फुकट आणायचे मी."

तो हसला. बोलला! बस बोलवते माणसाला. भागूबाईनं समोरच्या काचेकडं बघत श्वास घेतला. "सुरज, एक इचारू का?"

"हूं."

"तू..."

तिच्या खांद्यावर वजन आलं. तिनं मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. सुरज झोपला होता. तोंड थोडं उघडं, मान तिच्या गळ्याशी. लहानपणी बाजाराहून येताना झोपायचा तसाच, एकदम, दिवा विझल्यासारखा. त्याच्या अंगाला लिंबाच्या साबणाचा आणि तळणाचा वास येत होता. रस्त्यात खड्डा आला. तिनं हातानं त्याचं डोकं धरलं. तो झोपेतच पुटपुटला, "यस मॅम. टू मिनिट्स, मॅम."

उठवावं का? जेट्टी काही लांब नव्हती. तिनं हात त्याच्या गालापर्यंत नेला, आणि तिथंच ठेवला.

विश्वंभर तिकिटं आटोपून खांबाला टेकून उभा राहिला. सुरजकडं बघून आवाज बारीक करून म्हणाला, "थक गया है. दो-दो काम करता है. तो दुकान देख लिया ना आपने?"

"कौन सा दुकान?"

"इसका! नंबर तीन के बाज़ार में. टीन का है, भाड़े पे लिया. एक तारीख़ से चालू करेगा. खिचड़ी का." विश्वंभरनं ओठ चाटल्यासारखं केलं. "एक दिन हम सबको बना के खिलाया. बोला, हमारा माँ जैसा नहीं बना. हम बोला, इतना अच्छा तो है. बोला नहीं दादा, माँ का अलग होता है."

भागूबाई खिडकीच्या बाहेर बघत होती.

"देखा ना?" विश्वंभरनं पुन्हा विचारलं.

"हौ," ती म्हणाली. "देखी."

आणि मग ते दुकान खरंच दिसलं. तीन नंबरचा बाजार, नारळवाला, पंक्चरवाला, आणि त्यांच्यामध्ये एक पत्र्याची टपरी, नवा निळा रंग, शटर खाली. वर पाटी अर्धीच रंगवून झालेली. पिवळ्या अक्षरात फक्त एवढंच: वारंगा.

बस पुढं गेली. पोरानं दस्ती टाकली होती. इथं, या नंबरांच्या गावात, कधीच टाकून ठेवली होती. आणि ज्यानं एकदा जागा धरली त्याला तिथून उठ म्हणायचं नसतं, एवढा कायदा भागूबाईला बाकी सगळ्या कायद्यांच्या आधी कळत होता.

ती जेट्टीपर्यंत हलली नाही. खांद्याला मुंग्या आल्या, तरी नाही.

बोटीच्या भोंग्यानं सुरज दचकून उठला. "आलं? मी झोपलो? काहून उठवलं न्हाईस, आई!"

"चाल, उतर. माणसं खोळंबली."

त्यानं पिशवी घेतली. धक्क्यावरून भराभरा चालताना तो म्हणाला, "तू काहीतरी इचारत व्हतीस ना?"

भागूबाई म्हणाली, "पाणी उकळतंच टाकत जा. थंड टाकलं की तांदूळ मोडतंय. लसूण आधी, हळद मागून, न्हाईतर हळद जळती. आन् कढीला आदल्या दिशीचं ताक घे. ताज्याला चव न्हाई."

सुरज थांबला. पिशवी त्याच्या हातात तशीच. "कोणी सांगितलं तुला?"

"बसमधी सगळं कळतं."

"आई, मी सांगणारच व्हतो. सुरू झाल्यावर... म्हणजे, नीट चाललं तर..."

"फाट्यावर खिचडीवाले लई झाले," ती म्हणाली. "रोज एक नवा. तू बराबर केलं."

फाट्यावर तिच्या हॉटेलमालकाला माणूस पुरत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. सुरजनं मान खाली घातली. मग एकदम म्हणाला, "तू ये ना इकडं. माझ्यासंगं ऱ्हा. तूच बनव. खरंच सांगतो."

भागूबाईनं समुद्राकडं बघितलं, मग मागं, धक्क्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बसकडं. विश्वंभर टायरला लाथ मारून बघत होता.

"इथं बसमधी कोणी बोलत न्हाई रे," ती म्हणाली. "जेवत जा टायमावर."

बोट सुटली तेव्हा तो हात हलवत होता, आणि हलवता हलवताच त्यानं दुसऱ्या हातानं खिशातला वाजणारा फोन काढला.

नांदेडच्या स्टँडवर हिंगोलीची बस लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. गर्दी अशी की डबे, पोती, पोरं सगळं एकात एक. भागूबाईला दोन दिवसांची झोप नव्हती. तरी हात आपोआप खांद्यावर गेला, टाच उचलली गेली, आणि दस्ती खिडकीतून आत पडली. दोघांची सीट मिळाली. खिडकीशी बसून तिनं श्वास सोडला. शेजारी दस्ती.

करुणाचा फोन आला. "पोचलीस? काय म्हणाला सुरज? इचारलंस का?"

"तुझ्या त्या मागच्या खोलीला खिडकी हाय का गं?"

"हाय ना. रस्त्यावर उघडती. काहून?"

"न्हाई, इचारलं," म्हणून तिनं फोन ठेवला.

बस भरत आली. कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं, घामानं भिजलेली एक बाई रेटत रेटत तिच्याशी येऊन थांबली. "मावशी, हितं कोणी हाय का?"

चार दिवस त्या बेटावर हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. भागूबाईनं तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठापर्यंत आला. तो तिनं गिळला.

"न्हाई. कोणी न्हाई."

बाईला खरं वाटेना. एक पाय पुढं, एक मागं. "मग ही दस्ती कोणाची?"

"माझीच हाय. बसा."

भागूबाईनं दस्ती उचलली. बाई बसली, बोचकं पायात कोंबलं, लेकरू मांडीवर घेतलं आणि लगेच सुरू झाली, "कोण गाव, मावशी? कुठून येऊन राहिलात?"

लेकराचं नाक वाहत होतं. भागूबाईनं दस्तीचं निळ्या रेघेचं टोक धरलं आणि आधी ते पुसलं.